सौसरात बसून डिस्क काढणारी बाई

कुंदा गेल्याची बातमी मला ज्या माणसाकडून कळली, त्याला मी अजून माफ केलेलं नाही. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. सौसरच्या बसस्टँडमागच्या आमच्या दुकानाचं शटर मी नुकतंच वर केलं होतं, आणि फोन वाजला. पांढुर्ण्याच्या ज्या हॉस्पिटलातून मला काढून टाकलं, तिथल्या कर्मचाऱ्यांच्या ग्रुपमधून मात्र मला काढायचं राहून गेलं होतं. त्या ग्रुपवर मालक डॉक्टरसाहेबांचा मेसेज आला होता. ‘आपल्या कुंदाताई यांचे नागपूर येथे उपचारादरम्यान दुःखद निधन. कधीही न भरून निघणारी हानी.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. पाच मिनिटांनी कुंदाच्या आईचा फोन आला. “शालू, गेली वं माही पोरगी...” एवढंच त्या बोलल्या. चार दिवसांपूर्वी कुंदाच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय शेचाळीस.

आज दीड महिना झाला. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये अशी आपल्याकडे रीत आहे. जिवंत माणसांबद्दल तशी काही रीत नाही, आणि हा लेख मी त्याच सोयीचा फायदा घेऊन लिहिते आहे. डॉक्टरसाहेबांचं नाव लिहीत नाही. पांढुर्ण्यात ते लिहायची गरजही नाही.

मी मूळची मोहगावची, शेतकऱ्याच्या घरची. पांढुर्ण्याच्या त्या हॉस्पिटलात मी एकोणीस वर्षं एक्स-रे काढले. कुंदा सौसरच्या बौद्ध वस्तीतली. वडील तहसील कचेरीत शिपाई होते, ते लवकर गेले. ती नागपुरात कॉम्प्युटर शिकली आणि आमच्याकडे सर्व्हर सांभाळायला लागली. रोज सौसरहून बसनं यायची, बसनं जायची. माझ्या एक्स-रे रूमच्या मागे एक बिनखिडकीची थंड खोली होती, तिथं तिची मशीन. पहिल्यांदा मी तिथं गेले तेव्हा ती काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी लिहीत होती. मी म्हटलं, “हे काय टायपिंग करून राहिली तू? माऊस बिघडला का?” ती हसली. “माऊसनंही होते नं ताई. पण क्लिक करताना माणूस वाचत नाई. लिहिताना वाचाच लागते.”

मग तिनं मला समजावून सांगितलं. हॉस्पिटलचे सगळे एक्स-रे, सगळे स्कॅन सहा डिस्कांवर मिळून ठेवलेले असत. “हे सहा जणं आहेत असं समजा. एक बिमार पडला तर बाकीचे पाच त्याचं काम भरून काढतेत. दुसरा पडला का सगळं खतम. अन् हे जे कार्ड आहे नं, कंट्रोलर, हा त्याईचा मुकादम. कोण आलं, कोण गेलं, कोणाची तब्येत बिघडली, सगळं त्याच्या वहीत लिहून असते. विचारलं का सांगते.” तिनं एक ओळ लिहिली, एन्टर दाबलं, आणि सहाही डिस्कांची हजेरी पडद्यावर आली. मी मोजलं तर शून्य ते पाच. “हा शून्यापासून मोजते,” ती म्हणाली, “म्हणून स्लॉट तीन म्हणजे डावीकडून चौथी. इथंच लोक फसतेत.” मला गंमत वाटली होती. पुढे हीच गंमत तिच्या गळ्याशी येणार होती.

कुंदा विसरणारी नव्हती, हे मला दुसऱ्याच वर्षी कळलं. कँटीनवाला तिचा चहाचा कप वेगळा ठेवायचा. कान तुटलेला, खिडकीत पालथा. कुंदानं कधी हूं की चूं केलं नाही, मुकाट्यानं त्याच कपात चहा प्यायली. दीड वर्षानं कँटीनवाल्याच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो कॉम्प्युटरमधून उडाले. तो रडकुंडीला येऊन तिच्याकडे आला. तिनं दोन दिवस बसून एकूण एक फोटो परत आणला. तो पेढे घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, “पेढे नको. तो कप आण. चहा भरून.” तो घेऊन आला. कँटीनमध्ये आम्ही पंधरा-वीस जण होतो. “अर्धा तू पी. मग मी पितो.” तो इकडेतिकडे बघायला लागला, पण प्यायला. उरलेला अर्धा तिनं प्यायला, आणि कप खाली सोडून दिला. फुटला. नंतर कँटीनमध्ये सगळ्यांचे कप एकाच ट्रेमध्ये यायला लागले.

तर पुढे एका उन्हाळ्यात स्लॉट तीनचा दिवा नारिंगी झाला. डिस्क मेली होती, उरलेल्या पाच तिचं काम ओढत होत्या. कुंदानं नवी डिस्क मागायचा अर्ज दिला. सगळ्याची दुसरी प्रत ठेवायला वेगळी मशीनही ती दोन वर्षांपासून मागत होती. डॉक्टरसाहेब म्हणाले, “चालू आहे ना? मग?” तिनं अर्ज परत दिला, मग तिसऱ्यांदा दिला. त्यातच तिच्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, म्हणून तिनं दोन दिवसांची रजा घेतली. जाताना मला म्हणाली, “शालूताई, कंट्रोलर बीप करून राहिला, करू द्या. कोणाले हात लावू देऊ नका.” मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलची नवी इमारत बघायला कोणी पाहुणे येणार होते, आणि त्या बीपनं डॉक्टरसाहेबांचं डोकं उठलं. त्यांनी मेहुण्याला बोलावलं. हॉस्पिटलला कॉम्प्युटर पुरवायचं काम या मेहुण्याकडेच होतं. कुंदाच्या पासवर्डचं बंद पाकीट साहेबांच्या खणात असायचं, ते फोडून तो खोलीत बसला. पडद्यावर लिहिलेलं होतं, स्लॉट तीन. त्यानं डावीकडून बोटानं मोजलं. एक, दोन, तीन. मी दारात उभी होते. “साहेब, तो शून्यापासून...” मी म्हणाले. “मॅडम, तुम्ही फोटो काढा,” तो म्हणाला, आणि त्यानं चांगली डिस्क ओढून बाहेर काढली.

सगळ्या हॉस्पिटलातले पडदे एकदम थिजले. घाबरून त्यानं ती डिस्क परत खुपसली. कंट्रोलर तिला ओळखेना. मधेच जाऊन आलेल्या डिस्कला तो ‘परकी’ म्हणतो. एक ओळ लिहून तिला परत आपली म्हणून घेता आलं असतं, मशीनमधलं आठ वर्षांचं सगळं वाचलं असतं, हे कुंदानं मला खूप नंतर सांगितलं. मेहुण्यानं ते केलं नाही. त्यानं ती नोंदच पुसली, डिस्का नव्यानं जुळवल्या आणि सगळं कोरं करायची आज्ञा दिली. बीप थांबला. “झालं बंद,” तो म्हणाला, आणि हात पुसत माझ्या शेजारून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. कुंदा सकाळच्या बसनं आली होती, तिला अजून काहीच माहीत नव्हतं. साहेब म्हणाले, “हिला इनचार्ज केलं नाही, त्याचा हा राग. हिनं घरी सौसरात बसून आपला सगळा डेटा पुसला. हिच्याच नावानं लॉगिन झालंय.” कुंदा आधी गोंधळली, मग एकदम शांत झाली. “साहेब, मले एक वेळ मशीनसमोर बसू द्या. कार्डाच्या वहीत सगळं लिहून असते. डिस्का पुसल्या तरी ते नाई पुसत. पाच मिनिटं द्या फक्त.” साहेब म्हणाले, “परत मशीनजवळ? यांच्या हातात चाव्या दिल्या हीच आमची चूक.” ‘यांच्या’ या शब्दावर त्यांनी जो भार दिला, तो त्या खोलीत सगळ्यांना कळला.

मग ते माझ्याकडे वळले. “शालिनीबाई, तुम्ही त्या दिवशी ड्यूटीवर होतात. काही पाहिलं?” माझे यजमान तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते, घरात मी एकटी कमावती. हे मी कारण म्हणून सांगते आहे, बचाव म्हणून नाही. मी म्हणाले, “पेशंटमध्ये होते साहेब. लक्ष नव्हतं.”

कुंदानं माझ्याकडे पाहिलं. बस, पाहिलं... तिला त्याच दुपारी काढलं. फाटकापर्यंत मी तिच्या मागे धावले, “कुंदा, थांब,” म्हटलं. ती न वळता म्हणाली, “जा मॅडम, पेशंट थांबून असन.” त्या दिवसापासून मी तिची ताई राहिले नाही.

पुढचे चौदा महिने तिनं कसे काढले ते मला तिच्या आईकडून कळलं. पांढुर्ण्यात आणि सौसरात तिला कोणी कामावर घेईना. बोरगावच्या एका माणसाच्या वडिलांचे जुने स्कॅन त्यात गेले होते. तो घरी येऊन तिला नाही नाही ते बोलून गेला, आणि डोळ्याला पट्टी बांधलेली तिची म्हातारी आई दारात आडवी उभी राहिली. शेवटी कुंदानं बसस्टँडमागे हे दुकान टाकलं. फॉर्म भरणं, बिघडलेल्या डिस्कांतून लोकांचे कागद-फोटो काढून देणं. पण तिचा जीव त्या कार्डात अडकलेला होता. कार्डाची वही म्हणे गोल असते. भरली की जुनी पानं पुसून त्यावर नवं लिहिते. हॉस्पिटलनं डिस्का बदलल्या होत्या, कार्ड तेच होतं. रोज त्यात नव्या नोंदी पडत होत्या, आणि रोज तिचा पुरावा कडेला सरकत होता. “रोज वाटे,” ती मला नंतर म्हणाली, “आज गेलं असन ते पान.”

आणि मग एक दिवस डॉक्टरसाहेबांची गाडी तिच्या दुकानासमोर उभी राहिली. सर्व्हर नव्या इमारतीत हलवताना मेहुण्याच्या माणसांनी डिस्का अर्धवट बसवून मशीन सुरू केली, चूक लक्षात आल्यावर त्या आत दाबल्या, आणि आता कंट्रोलर सहापैकी चार डिस्कांना परक्या म्हणत होता. या खेपेला मेहुण्याची हात लावायची छाती झाली नाही. नागपूरचा इंजिनियर फोनवर म्हणाला, आधी हे सांभाळत होत्या त्यांनाच विचारा. कुंदाची आई दुकानातच बसली होती, तिनं सगळं ऐकलं. साहेब म्हणाले, “कुंदाताई, झालं गेलं जाऊ द्या आता.” कुंदा म्हणाली, “गेलं कुठं साहेब? तिथंच आहे. कार्डात.” ती यायला तयार झाली, पण अट घातली. काम भरदिवसा होईल, ओपीडीच्या हॉलमध्ये, सगळ्या स्टाफसमोर, आणि नंबर दाखवायच्या मोठ्या टीव्हीवर तिचा लॅपटॉप जोडायचा. साहेबांना वाटलं, बाईला मानपान पाहिजे. त्यांनी तर पुष्पगुच्छही मागवून ठेवला.

ती अकराच्या बसनं आली. निळी साडी, खांद्याला पिशवी. पुष्पगुच्छ तिनं घेतला आणि बाकावर ठेवून दिला. टीव्हीवर काळा पडदा आला. तिनं एक ओळ लिहिली, आणि नोंदींमागून नोंदी पळायला लागल्या. ती मागे मागे जात होती. तिच्या कपाळावर घाम आलेला मला दिसत होता. अगदी तळाशी, वही जिथं संपते तिथून थोडंसंच वर, तो दिवस सापडला. आणखी काही आठवडे गेले असते तर तो पुसला गेला असता.

कुंदानं मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं. “मॅडम, तुमाले इंग्रजी येते. तुमी वाचा. मोठ्यानं, मराठीत.”

मी पुढे गेले. वाचलं, “अकरा वाजून वीस मिनिटं. स्लॉट दोनमधली डिस्क काढली.”

“कशी काढली?”

“हातानं.”

“सौसरात बसून पांढुर्ण्याची डिस्क हातानं काढता येते का मॅडम?” मागे कोणीतरी फिसकन हसलं. कुंदा हसली नाही. “पुढं वाचा.”

“अकरा चोवीस. तीच डिस्क परत लावली. परकी अशी नोंद. अकरा एकतीस. परकी नोंद पुसली. अकरा चौतीस... सगळं कोरं करणं सुरू.”

“कोण होतं त्या खोलीत?”

मी तिथंही गप्प राहू शकले असते. तिनं मला ती वाट मोकळी ठेवली होती, आणि मी ती घेते का हे ती बघत होती. मेहुणा पाण्याच्या मशीनजवळ उभा होता. मी त्याच्याकडे बोट केलं. लिहिताना मी शुद्ध लिहिते, पण तेव्हा तोंडातून आलं ते घरचंच आलं. “हे होते. मी दारात होती. मी सगळं पाह्यलं होतं अन् मी खोटं बोलली.”

कुंदा डॉक्टरसाहेबांकडे वळली. “साहेब, आता तुमी सांगा सगळ्याईले. मी काय केलं होतं?” साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “काही... काही नव्हतं केलं.” “मांगच्याईले ऐकू नाई आलं.” साहेब दुसऱ्यांदा बोलले. मोठ्यानं. मग तिनं एक ओळ लिहिली, चारही परक्या डिस्का परत आपल्या करून घेतल्या, आणि सगळं ठीक असल्याचा शब्द पडद्यावर येईपर्यंत थांबली. “पेशंटचे फोटो आहेत यात,” ती म्हणाली, “नाईतर बोट नसतं लावलं.” चहा न घेता ती बसस्टँडकडे निघून गेली.

आठवड्याच्या आत मला कामावरून काढलं. मला वाटलं होतं, आता कुंदा फोन करेल. नाही केला. सात महिने नाही. एकदा शनिवारी मी जामसांवलीच्या मारुतीला निघाले होते, तर बसमध्ये ती दोन बाकं पुढे होती. तिनं मला पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. आठव्या महिन्यात फोन आला. “शालूताई, दुकानात फॉर्म भरणारं कोणी नाई. येता का?” ‘ताई’ ऐकून मी स्वयंपाकघरातच खाली बसले.

तिच्याबरोबर मी तीन वर्षं काम केलं. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. एवढंच विचारलं, की त्या दिवशी तू मलाच का वाचायला लावलंस? ती काम करता करता म्हणाली, “त्याच्यापेक्षा तुमच्यावर जास्त राग होता. तो माहा कोण होता? तुमी होत्या.” दुसऱ्या एका दिवशी मी विचारलं, असं केल्यानं मनाला शांती मिळाली का? मला वाटलं होतं, नाही म्हणेल. सगळे तसंच म्हणतात. “हाव, मिळाली नं,” कुंदा म्हणाली. “लोक म्हणतेत सूडानं काई होत नाई. होते. झोप चांगली लागते.”

ती गेल्यानंतर तीन आठवड्यांनी डॉक्टरसाहेबांनी हॉस्पिटलात कार्यक्रम ठेवला. सर्व्हरच्या खोलीत कुंदाचा फोटो लावायचा. तिच्या जुन्या ओळखपत्रावरचाच फोटो मोठा केलेला होता. सरळ कॅमेऱ्यात रोखून बघणारी कुंदा. मी गेले, मागे उभी राहिले. साहेबांनी हार घातला आणि म्हणाले, “कुंदा आमची लेक होती. तिचा चेहरा या वास्तूत कायम राहील.” मेहुणा टाळ्या वाजवत होता. मला पुढचं नीट आठवत नाही... मी पुढे गेले, हार काढून साहेबांच्या हातात दिला, फोटो भिंतीवरून उतरवला आणि चालायला लागले. कोणी अडवलं नाही. सौसरपर्यंत बसमध्ये मी तो मांडीवर धरून बसले होते, आणि मला वाटत होतं की आयुष्यात पहिल्यांदा मी कुंदासाठी काहीतरी वेळेवर केलं.

तिच्या आईनं फोटो हातात घेतला. चौकट चाचपली, पदरानं काच पुसली. आता मावशींना दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं. मी काय घडलं ते सांगितलं. त्या रडतील असं मला वाटलं.

“काहून आणला तू हा?” मावशी म्हणाल्या.

“त्यांच्या भिंतीवर कशाला ठेवायचा मावशी तिला?”

“येडी होय का तू? त्या मशीनच्या खोलीत कोण पाह्यते? त्या डॉक्टरच्या तोंडासमोर लाव. रोज पाहू दे तिले. जेवताना पाहू दे, पेशंट तपासताना पाहू दे.” त्यांनी फोटो माझ्या हातात परत दिला. “जा. लावून ये.”

दुसऱ्या दिवशी मी हातोडी आणि खिळा पिशवीत घालून पांढुर्ण्याला गेले. साहेबांच्या केबिनमध्ये तीन पेशंट बसलेले होते. त्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर एका औषधवाल्याचं कॅलेंडर टांगलेलं होतं, ते मी काढलं आणि खिळा ठोकला. “हे काय शालिनीबाई?” साहेब अर्धवट उठले. मी म्हटलं, “तुम्हीच म्हणालात ना साहेब, तिचा चेहरा कायम राहील म्हणून. सगळ्यांनी ऐकलं. ग्रुपवर व्हिडिओ पण आहे.” पेशंट बघत होते. साहेब खाली बसले.

फोटो तिथंच आहे. दर सोमवारी मी बसनं जाते, काच पुसते आणि येते. परवा गेले तेव्हा साहेब राउंडला गेले होते, आणि त्यांनी टेबल-खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलेलं दिसलं. मी वॉर्डातल्या दोघांना बोलावलं, टेबल उचलून पूर्वीसारखं सरळ करून घेतलं, खुर्ची फोटोच्या समोर नीट लावली, आणि काच पुसून निघाले.